एका नगाची किंमत

टेबलावरच्या दिव्याखाली ठेवलेला हा सर्किट बोर्ड तळहातावर मावेल एवढा आहे. एक मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम चालवणारी छोटी चिप), एक रिले (विजेने उघडझाप होणारा स्विच), एक ट्रान्झिस्टर, एक डायोड, दोन बटणे, एक डिस्प्ले आणि चिमूटभर रेझिस्टर-कपॅसिटर, एवढाच त्याचा ऐवज. दर दोन तासांनी एक पंप दहा मिनिटे चालवायचा आणि बंद करायचा, एवढेच त्याचे काम. तो करून घेणाऱ्या गृहस्थांनी पहिल्या निरोपात एकच ओळ लिहिली होती : ‘साधा टायमर हवा आहे, किती घ्याल?’

या ओळीला प्रामाणिक उत्तर देता येत नाही. कारागीर आढेवेढे घेतो अशातला भाग नाही. ज्या वस्तूची किंमत विचारली आहे, ती वस्तूच अजून ठरलेली नसते.

पंप केवढा आहे, इथूनच सुरुवात होते. मोटर सुरू होताना क्षणभर आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सात पट प्रवाह ओढते. रिलेच्या पाठीवर छापलेला १० अँपिअरचा आकडा बहुधा हीटरसारख्या सरळ भारासाठी असतो. मोटरसाठीही तोच धरून चालले, तर ठिणग्यांनी तापलेले संपर्कबिंदू एखाद्या दिवशी एकमेकांना चिकटून बसतात आणि पंप बंदच होत नाही. मग प्रश्न येतो तो चालू-बंद किती वेळा करायचे याचा. अनेक साध्या रिलेंचे विद्युत आयुष्य पूर्ण भारावर सुमारे १ लाख वेळांचे धरतात. दिवसातून १२ वेळा चालणाऱ्या पंपाला ते २२ वर्षांहून अधिक पुरते. तोच पंप दर मिनिटाला चालवायचा असेल, तर दिवसाला १,४४० वेळा होतात आणि रिलेची १ लाखाची पुंजी ७० दिवसांच्या आत संपते. ‘दर दोन तासांनी’ ऐवजी ‘दर मिनिटाला’ एवढाच काय तो फरक, पण त्यापायी रिले जातो, त्याच्या जागी ट्रायॅक, म्हणजे हलणारे संपर्क नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच, येतो, त्याला उष्णता बाहेर टाकणारी पट्टी लागते आणि बोर्ड नव्याने आखावा लागतो.

वेळेच्या अचूकतेचेही तसेच आहे. काही मायक्रोकंट्रोलरमधले अंगचे घड्याळ कारखान्यातून येताना १० टक्क्यांपर्यंत पुढे-मागे असू शकते. म्हणजे दोन तासांमागे १२ मिनिटांची चूक. पंपाला ती चालत असेल, तर जास्तीचा काही भाग लागत नाही. चालत नसेल, तर क्रिस्टल, म्हणजे घड्याळाला अचूक ठोका देणारा स्फटिक, बसवावा लागतो आणि दहा लाखांत २० भागांची चूक असलेला साधा क्रिस्टलसुद्धा महिन्याकाठी जेमतेम ५२ सेकंद चुकतो. पण पंप ‘बरोबर सहा वाजता’ सुरू व्हायला हवा आणि मध्ये वीज गेली तरी घड्याळ चालू राहायला हवे, असे म्हटले की स्वतंत्र घड्याळाची चिप, तिची बटणासारखी बॅटरी आणि वेळ लावण्याची सोय, हे सारे त्या ‘साध्या’ टायमरच्या अंगावर चढते.

आता किंमत. ती इथे पैशांऐवजी तासांत मोजू, कारण तासांचा हिशेब कुठेही तोच राहतो. अशा कामात गरज समजून घेणे, सर्किट आखणे, बोर्ड काढणे, प्रोग्राम लिहिणे आणि चाचणी घेणे यांना मिळून २० तास लागले आणि प्रत्यक्ष जोडणीला एक तास लागला, असे समजू. एकच नग हवा असेल, तर त्याच्या वाट्याला २१ तास येतात. दहा नग हवे असतील, तर एकूण ३० तास होतात आणि एका नगामागे तीनच. कारखान्यातून निघालेल्या टायमरमागे ते २० तास हजारो नगांत विरून गेलेले असतात. म्हणूनच बाजारातल्या तयार वस्तूची किंमत दाखवून एका नगाची घासाघीस करणे गैरलागू आहे, मग दोन्ही डब्यांत आतून नेमके तेच भाग का असेनात.

सुट्या भागांच्या खर्चावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. एवढेच सांगायला हवे की बोर्ड करून देणारे बहुधा एक बोर्ड करत नाहीत, पाच करतात. भागही एकेक घेतले तर महाग पडतात आणि एखादा सोल्डर करताना जळणार हे गृहीत धरून दोन जास्तीचेच मागवावे लागतात.

हिशेबातून नेहमी निसटतो तो डबा. कारागिराचे हात काय करत आहेत ते पाहा. बटणांसाठी गोल भोके ड्रिलने दोन मिनिटांत पाडून झाली. डिस्प्लेसाठी मात्र चौकोनी खिडकी हवी आहे, आणि चौकोनी भोक पाडणारे ड्रिल या टेबलावर नाही. आधी कडेने लहान भोकांची रांग, मग मधला तुकडा तोडणे, मग बारीक कानशीने एकेक बाजू घासत सरळ रेषेपर्यंत आणणे. कानस एकदा घसरली की नवा डबा घ्यायचा. या खिडकीला पाऊण तास लागला. सोल्डरिंगला त्याहून कमी लागला होता.

अशा वेळी कुणीतरी तिसरा म्हणतो, ‘यात काय आहे, ५५५ने पाच मिनिटांत होईल.’ हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्ससाठी आखलेली ही टायमर चिप आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते आणि काही सेकंद किंवा मिनिटे मोजायला ती उत्तमच आहे. पण रेझिस्टरमधून येणाऱ्या प्रवाहाने कपॅसिटर भरायला जो वेळ लागतो, त्यावरून ती वेळ मोजते. दोन तास मोजायचे, तर तिला फार मोठा रेझिस्टर आणि फार मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लागतो. मग कपॅसिटर भरण्यासाठी मिळणारा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये येतो आणि त्याच कपॅसिटरची आतली गळती त्याच्या तोडीची, कधी त्याहून जास्त ठरते. कपॅसिटर भरतच नाही आणि दोन तास कधी पुरे होत नाहीत. स्वतः करून न पाहिलेल्या कामाला ‘पाच मिनिटांचे’ म्हणणे हा मला या व्यवहारातला सर्वांत मोठा असभ्यपणा वाटतो. त्याने दर सांगणाऱ्याला लुटारू ठरवले जाते आणि विचारणाऱ्याच्या मनात एक खोटा आकडा कायमचा बसतो.

विचारणाऱ्यानेही काही पथ्ये पाळायची असतात. वस्तू स्वतःसाठी आहे की विकण्यासाठी, हे आधीच सांगावे, कारण विकायची असेल तर विद्युतसुरक्षेचे नियम आणि जबाबदारी दोन्ही बदलतात. एकाचा दर दुसऱ्याला दाखवून भाव पाडू नये. काम द्यायचे नाही असे ठरले, तर तेही कळवावे. निदान उत्तराची वाट पाहणाऱ्याला आपले दिवस दुसऱ्या कामाला देता येतात.

काम उक्ते घ्यावे की तासांवर, यावर कारागिरांत एकमत नाही. गरज कागदावर पक्की असेल तर उक्ते बरे. ‘करता करता ठरवू’ असा प्रकार असेल, तर तासांवरच घ्यावे. नाहीतर प्रत्येक ‘एवढे जरा बदलाल का?’ कारागिराच्या खिशातून जाते. प्रोग्रामचा सोर्स कोड, म्हणजे त्याचा बदलता येणारा मूळ मजकूर, कुणाकडे राहणार, तेही आगाऊ रकमेच्या वेळीच लिहून ठेवलेले बरे. काम संपल्यावर हा विषय निघाला की दोघांनाही आपण फसवले गेलो असे वाटते, आणि दोघांचेही पूर्ण चुकलेले नसते.

या गृहस्थांना कारागिराने पहिल्या उत्तरात दर सांगितलाच नाही. तयार टायमर विकत मिळतो, तो घेऊन पाहा, असे त्याने लिहिले. चार दिवसांनी सविस्तर निरोप आला : पंपाची क्षमता, तयार टायमर का चालला नाही, टाकीत पाणी नसताना पंप थांबायला हवा, नग एकच, घाई नाही. त्या निरोपावर हिशेब मांडता आला.

आता चाचणी चालू आहे. मायक्रोकंट्रोलर मिलिसेकंद मोजतो आणि त्याचा ३२ बिटांचा गणक ४९ दिवस १७ तासांनी भरून पुन्हा शून्यावर येतो. विंडोज ९५ आणि ९८ याच सीमेवर अडखळत असत. प्रोग्राममध्ये वेळेची तुलना चुकीच्या पद्धतीने केली असेल, तर टेबलावर महिनाभर नीट चाललेला पंप पन्नासाव्या दिवशी गप्प राहील किंवा थांबणारच नाही. पन्नास दिवस थांबणे शक्य नसल्याने कारागिराने गणक मुद्दाम शेवटाच्या तीन मिनिटे अलीकडे आणून ठेवला आहे आणि चाचणीपुरते दोन तासांचे दोन मिनिटे केले आहेत. पडद्यावरचा आकडा चार अब्जांच्या पुढे वाढत जातो, एकदम शून्य होतो, आणि थोड्या वेळाने, ठरलेल्या सेकंदाला, रिलेचा टिक्‌ असा आवाज येतो. दरपत्रकात या तासाभरासमोर ‘चाचणी’ असा एकच शब्द आहे.