एकाच गॅरेजमधली लढाई: फॉर्म्युला वन, २०१४

(दृश्य: मेलबर्न. सुरुवातीच्या रांगेतल्या गाड्या. गाड्यांचा मूळ आवाज ठेवावा, संगीत नको.)

हा आवाज जरा ऐका. वर्षभरापूर्वी याच रांगेतून व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरची, इंजिनं मिनिटाला १८ हजार फेरे घेत किंचाळत सुटायची. १६ मार्च २०१४ ला मात्र गाड्या सुटल्या त्या घोगऱ्या, दबक्या आवाजात. प्रेक्षक हिरमुसले, आयोजकांनी उघड नाराजी दाखवली आणि पुढचे कित्येक आठवडे सगळी चर्चा आवाजाभोवतीच फिरत राहिली. खरी उलथापालथ झाली होती ती चालकाच्या पाठीमागे, इंजिनाच्या आवरणाखाली.

२.४ लिटरचं व्ही-एट गेलं. त्याच्या जागी १.६ लिटरचं टर्बो व्ही-सिक्स आलं आणि त्याच्या जोडीला दोन विजेच्या मोटारी. पहिली एमजीयू-के. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा ती वीज म्हणून साठवायची आणि वेग घेताना १२० किलोवॉट, म्हणजे साधारण १६० अश्वशक्ती, परत द्यायची. दुसरी एमजीयू-एच. ही टर्बोच्याच दांड्यावर बसायची आणि धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंमधून वीज काढायची. इंधनालाही लगाम घातला गेला: पूर्ण शर्यतीला १०० किलो, म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. शिवाय इंजिनात जाणारा इंधनाचा प्रवाह ताशी १०० किलोच्या वर जाता कामा नये, असंही ठरलं. मेलबर्नला दुसरा आलेला रेड बुल संघाचा डॅनियल रिकार्डो याच प्रवाहाच्या नियमापायी बाद ठरला. नियम फक्त कागदावर राहणार नाही, हे त्या रात्री सगळ्यांना कळून चुकलं.

(दृश्य: टर्बोची आकृती, आधी नेहमीची, मग मर्सिडीजची.)

आता इथे थोडं थांबू, कारण पुढची सगळी गोष्ट या एका आकृतीतून निघते. नेहमीच्या टर्बोत टर्बाइन आणि कॉम्प्रेसर शेजारी शेजारी असतात. टर्बाइन तापलेल्या वायूंवर फिरतं, कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. शेजाराचा तोटा असा की टर्बाइनची धग कॉम्प्रेसरपर्यंत पोचते, आणि इंजिनाला तर थंड हवा हवी असते. मर्सिडीजच्या ब्रिक्सवर्थमधल्या इंजिन कारखान्यात अँडी कॉवेल यांच्या चमूने हे दोन्ही भाग वेगळे केले. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पुढच्या टोकाला, टर्बाइन मागच्या टोकाला. दोघांना जोडणारा लांब दांडा सिलिंडरच्या दोन रांगांमधून नेला आणि एमजीयू-एच मध्ये बसवली. हवा थंड करणारी यंत्रणा लहान झाली, नळ्या आखूड झाल्या, गाडीचा मागचा भाग आटोपशीर झाला. ऐकायला सोपं वाटतं. पण मिनिटाला लाखभर फेरे घेऊ शकणारा तो लांब दांडा थरथरू न देणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

इतरांची अवस्था काय होती? सलग चार विजेतेपदं जिंकलेल्या रेड बुलला हेरेझच्या पहिल्या चाचणीत चार दिवसांत २१ फेऱ्या जमल्या. मर्सिडीजने तीनशेच्या वर मारल्या. वर्षाचा निकाल अर्धाअधिक तिथेच लागला होता. चुरस उरली ती एकाच गॅरेजमध्ये, मर्सिडीजच्या दोन चालकांत.

लुईस हॅमिल्टन आणि निको रोझबर्ग. शाळकरी वयात कार्टिंगच्या एकाच संघातले सोबती. निकोचे वडील केके १९८२ चे जगज्जेते. लुईसने २००८ मध्ये विजेतेपद मिळवलेलं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे म्यानही नवं कोरं होतं आणि त्याच्या सवयी कुणालाच ठाऊक नव्हत्या.

मेलबर्नला हॅमिल्टन सगळ्यात पुढे उभा होता, पण सहापैकी एक सिलिंडर काम करेना. दोन-चार फेऱ्यांत त्याचा खेळ आटोपला आणि रोझबर्ग जिंकला. मग हॅमिल्टनने सलग चार शर्यती घेतल्या. त्यातली बहरीनची लढत अजूनही काढून बघावी अशी आहे. अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी सेफ्टी कार आत गेली तेव्हा साधारण दहा फेऱ्या उरल्या होत्या. दोघे एकमेकांना वळणावळणावर भिडत होते, म्हणजे वेळ वाया घालवत होते, तरी तेवढ्यात तिसऱ्या गाडीच्या २४ सेकंद पुढे निघून गेले. त्या गाडीत किती ताकद राखून ठेवलेली होती ते तेव्हा उघडं पडलं.

मोनॅकोला क्वालिफायिंगच्या, म्हणजे सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या फेऱ्यांच्या, शेवटी रोझबर्ग मिराबो वळणावर सरळ बाहेर गेला, वेग कमी करायला सांगणारे पिवळे झेंडे लागले आणि मागून येणाऱ्या हॅमिल्टनची फेरी वाया गेली. पंचांनी रोझबर्गला निर्दोष ठरवलं. हॅमिल्टनला ते पटलं नाही, हे त्याने फारसं लपवलंही नाही.

(दृश्य: माँट्रियल, तापलेल्या मागच्या ब्रेकचं जवळून चित्रण.)

माझ्या मते या मोसमाचं मर्म माँट्रियलला दिसतं. शर्यतीच्या मध्यावर दोन्ही मर्सिडीजची एमजीयू-के जवळपास एकाच वेळी बंद पडली. १६० अश्वशक्ती गेली, हे तर झालंच. खरा घोळ ब्रेकचा होता. मागची चाकं आवळण्याचं बरंच ओझं ही मोटारच उचलायची, म्हणून मागच्या ब्रेकच्या चकत्या लहान केलेल्या होत्या. मोटार थांबली आणि सगळा भार त्या लहान चकत्यांवर आला. रोझबर्गच्या मागे, त्याच्या गरम हवेत धावणाऱ्या हॅमिल्टनचे ब्रेक जळाले आणि तो बाहेर पडला. रोझबर्गने लंगडी गाडी जपत जपत ६७ व्या फेरीपर्यंत नेटाने पुढे ठेवली. ७० पैकी ६८ व्या फेरीत रिकार्डोने त्याला गाठलं. तरी दुसऱ्या क्रमांकाचे १८ गुण खिशात. लोक याला नशीब म्हणतात. मला त्यात रोझबर्गचं डोकं जास्त दिसतं.

उन्हाळा हॅमिल्टनला जड गेला. जर्मनीत ब्रेकची चकती तुटली, हंगेरीत क्वालिफायिंगमध्ये गाडीने पेट घेतला. दोन्हीकडे तो मागून येऊन तिसरा आला. मग बेल्जियममधलं स्पा. दुसऱ्याच फेरीत रोझबर्गच्या पुढच्या पंखाने हॅमिल्टनचं मागचं डावं टायर फाडलं. पोडियमवर रोझबर्गची हुर्यो उडाली, संघाने त्याला समज दिली. पण त्याची आघाडी २९ गुणांची झाली होती.

सिंगापूरला यंत्राने पारडं फिरवलं. रोझबर्गच्या स्टिअरिंगच्या खांबातली वायरिंग बिघडली. गिअर कसेबसे बदलत होते, बाकीची बटणं मुकी. त्याला रांगेऐवजी पिट लेनमधून, म्हणजे गॅरेजसमोरच्या गल्लीतून, सुरुवात करावी लागली, आणि टायर बदलायला थांबलेली गाडी पुन्हा निघालीच नाही. हॅमिल्टन जिंकला आणि ३ गुणांनी पुढे गेला.

जपानमधल्या सुझुकाच्या पावसात चालक ज्युल बियांकीचा भीषण अपघात झाला. त्यातून तो सावरला नाही. जुलै २०१५ मध्ये त्याचं निधन झालं. त्या संध्याकाळी गुणतक्ता बघण्याच्या मनःस्थितीत कुणीच नव्हतं.

(दृश्य: अबू धाबी, २३ नोव्हेंबर, मावळता सूर्य.)

शेवटच्या शर्यतीला हॅमिल्टन १७ गुणांनी पुढे. पण त्या वर्षी एक अजब नियम होता: या एका शर्यतीला दुप्पट गुण. रोझबर्ग जिंकला आणि हॅमिल्टन तिसरा आला, तर विजेतेपद ३ गुणांनी निकोचं. अठरा शर्यतींच्या कमाईवर एका संध्याकाळी पाणी फिरवू शकणारा हा नियम कुणाच्या डोक्यातून निघाला असेल, देव जाणे.

पहिलं स्थान रोझबर्गकडे होतं. दिवे विझले आणि पहिल्या वळणाआधीच हॅमिल्टन पुढे सुटला. पंचवीसेक फेऱ्या झाल्या आणि रोझबर्गची हायब्रिड यंत्रणा मान टाकू लागली. त्याचा वेग पडत गेला, एकेक गाडी पुढे निघून जाऊ लागली. संघाने रेडिओवरून गाडी आत आणायला सांगितलं. त्याला शर्यत पूर्ण करायची होती. तो १४ वा आला. शून्य गुण.

हॅमिल्टन ३८४, रोझबर्ग ३१७. दुप्पट गुण नसते तरी हॅमिल्टनच जिंकला असता, फरक ४२ चा राहिला असता. पोडियमआधीच्या खोलीत रोझबर्ग स्वतः जाऊन त्याचं अभिनंदन करून आला. १९ पैकी १६ शर्यती मर्सिडीजच्या, उरलेल्या तिन्ही रिकार्डोच्या. दुप्पट गुणांचा नियम पुढच्या मोसमाआधीच गुंडाळला गेला. रोझबर्गला त्याचं विजेतेपद २०१६ मध्ये मिळालं, तेही अबू धाबीलाच, ५ गुणांनी. आणि पाच दिवसांनी त्याने निवृत्ती जाहीर केली.