वाचायची पुस्तकं, वाचलेली पुस्तकं

(दृश्य : उघडी वही. डाव्या पानावर पुस्तकांच्या नावांची लांबलचक यादी. उजवं पान जवळजवळ कोरं.)

निवेदन :

चार्ल्स डार्विन १८३८ पासून १८६० पर्यंत वाचनाच्या वह्या ठेवत होते. त्यांत दोन याद्या असायच्या. एक वाचायच्या पुस्तकांची, दुसरी वाचून झालेल्यांची.

पहिली यादी प्रत्येक वाचकाकडे असते. कुणाची मोबाईलमधल्या स्क्रीनशॉटांत, कुणाची चिठ्ठ्यांवर, कुणाची नुसती डोक्यात. दुसऱ्या वाचकांकडून कळलेली नावं तिच्यात पडत राहतात. वर्षभरानं ती उघडली, की अर्धी नावं अनोळखी वाटतात. हे कुणी सांगितलं होतं? कशासाठी? नाव टिकलेलं असतं, कारण हरवलेलं असतं. आणि कारण हरवलेलं पुस्तक सहसा हातात घेतलं जात नाही, मग वेळ कितीही असो.

म्हणून नोंद करताना नुसतं नाव लिहू नये. लेखक लिहावा, सांगणाऱ्याचं नाव लिहावं, तारीख टाकावी आणि एक वाक्य त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावं. ‘जबरदस्त आहे’ हे वाक्य कामाचं नाही. ‘दीपगृहाच्या राखणदाराची रोजनिशी आहे, पहिली चाळीस पानं रेटावी लागतात, मग सुटत नाही’ हे कामाचं. सांगणारा ‘जबरदस्त’ म्हणून थांबला, तर त्याला तिथेच विचारावं : नेमकं काय आवडलं? दोन दिवसांनी त्यालाही तितकं नेमकं सांगता येत नाही.

पुस्तक अनुवादित असेल तर अनुवादकाचं नाव हवंच. एकाच मूळ पुस्तकाचे दोन अनुवाद दोन वेगळी पुस्तकं वाटावीत इतके निराळे असू शकतात. शिवाय संक्षिप्त आवृत्ती पुष्कळदा पूर्ण पुस्तकाच्या नावानंच विकली जाते, आणि ते बारीक अक्षरांत आतल्या पानावर लिहिलेलं असतं. सांगणाऱ्यानं सहाशे पानी पुस्तक वाचलेलं असतं, आपल्या हातात दोनशे पानी येतं, आणि ‘यात एवढं काय होतं?’ असा प्रश्न पडतो.

(दृश्य : मलपृष्ठावरची पट्टी आणि खालचे आकडे, जवळून.)

यावर उपाय म्हणजे आयएसबीएन, म्हणजे मलपृष्ठावरच्या पट्टीपाशी छापलेला पुस्तकाचा ओळखक्रमांक, उतरवून घेणं. वेगळी बांधणी, वेगळा अनुवाद, सुधारित आवृत्ती, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक असतो. काही न बदलता नुसतं पुनर्मुद्रण झालं तर जुनाच राहतो. १ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक १३ आकडी आहे, त्याआधीच्या पुस्तकांवर १० आकडे दिसतात. हातानं उतरवताना चूक होते, पण १३ आकडी क्रमांक ताडून पाहता येतो. पहिला आकडा जसाच्या तसा घ्यायचा, दुसऱ्याची तिप्पट, तिसरा जसाच्या तसा, चौथ्याची तिप्पट, असं तेराव्यापर्यंत. सगळ्यांची बेरीज शून्यावर संपली पाहिजे. एकच आकडा चुकला असेल तर तो हमखास पकडला जातो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले असतील तर बहुतेकदा पकडले जातात. त्या दोघांत ५ चा फरक असेल, जसं १ आणि ६, तर मात्र बेरीज फसवते.

आता सांगणाऱ्याबद्दल. आपण दोघांनीही वाचलेली तीन पुस्तकं शोधावीत आणि मतं ताडून पाहावीत. तिन्हींत जुळलं, तर त्याचा शब्द यादीत वर. तिन्हींत नेमकं उलटं निघालं, तर तोही वाचक तितकाच मोलाचा : त्याला कंटाळवाणं वाटलेलं पुस्तक आपल्याला आवडण्याची शक्यता बरीच. खरी अडचण कधी जुळणाऱ्या, कधी न जुळणाऱ्याची. तिथे मताकडे न बघता कारणाकडे बघायचं. ‘फार संथ, काही घडतच नाही’ ही तक्रार बारकाव्यांत रमणाऱ्या वाचकासाठी शिफारसच असते.

(दृश्य : घड्याळ. पान उलटणारा हात.)

यादी झाली. आता हिशेब, कारण बहुतेक वार्षिक संकल्प पहिल्या दिवसापासूनच हिशेबात बसत नसतात.

मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रायसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून इंग्रजी वाचनाचा वेग काढला : माहितीपर मजकुरासाठी मिनिटाला सरासरी २३८ शब्द, कथात्म मजकुरासाठी २६०. हे आकडे मराठीला लावू नयेत. आपल्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘टेबलावरच्या’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत तेवढ्यासाठी तीन-चार लागतात. तेव्हा शब्द सोडून द्यावेत आणि पानं मोजावीत, तीही स्वतःची.

वीस मिनिटांचा गजर लावायचा, नेहमीसारखं वाचायचं, पानं मोजायची. असं वेगवेगळ्या दिवशी तीनदा करायचं आणि सरासरी घ्यायची. समजा १२ पानं आली, म्हणजे तासाला ३६. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे आठवड्याला ९० पानं. ३२० पानांच्या कादंबरीला साडेतीन आठवडे. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून आजारपण, प्रवास, कामाची गर्दी यांचे ८ वजा केले, की ४४ उरतात. ४४ गुणिले ९० म्हणजे ३,९६० पानं. पुस्तक सरासरी २६० पानांचं धरलं तर वर्षाला १५ पुस्तकं.

याच वाचकानं २४ पुस्तकांचा संकल्प केला, तर मार्चपर्यंत तो मागे पडलेला असतो आणि मग पातळ पुस्तकं शोधू लागतो. आकडा गाठण्यासाठी पुस्तक निवडलं जाणं ही वाचनाच्या योजनेची सगळ्यात वाईट गत. विषय जड असेल तर वेग पुन्हा मोजावा. तत्त्वज्ञान किंवा अर्थशास्त्र कादंबरीच्या निम्म्या वेगानं गेलं तरी ते अगदी रास्त आहे.

पंधरांपैकी दहाच पुस्तकं ठरवावीत. पाच जागा मोकळ्या ठेवाव्यात, वर्षभरात इतरांकडून कळणाऱ्या पुस्तकांसाठी. डार्विननी आत्मचरित्रात लिहिलंय, की ऑक्टोबर १८३८ मध्ये अर्थशास्त्रज्ञ माल्थस यांचं लोकसंख्येवरचं पुस्तक त्यांनी सहज, करमणुकीसाठी वाचलं. त्यातून नैसर्गिक निवडीच्या कल्पनेला दिशा मिळाली. गच्च भरलेल्या यादीत अशा पुस्तकाला शिरायला वाव नसतो.

एका वेळी किती पुस्तकं चालू ठेवावीत? तीनपर्यंत, पण जातीनं वेगळी. एक जाडजूड आणि सावकाश वाचायचं, एक वेगानं पुढे नेणारं, एक कथांचं किंवा लेखांचं, कुठूनही उघडता येणारं. दोन कादंबऱ्या एकदम घेतल्या की पात्रांची सरमिसळ होते. कादंबरी आठवडा-दहा दिवस पडून राहणार असेल, तर थांबताना खुणेच्या कागदावर एक ओळ लिहावी : कोण कुठे आहे, कशाची वाट पाहत आहे. नाहीतर परत सुरू करताना वीस पानं मागे जावं लागतं, आणि त्याच कंटाळ्यापायी पुस्तक राहून जातं.

सोडून द्यायचं कधी? अमेरिकी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम असा : पन्नास पानं द्या, आणि वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करून उरतील तितकी. चौसष्ट वर्षांच्या वाचकानं छत्तीस पानं वाचली की त्याला मोकळीक. कादंबरीला हा नियम चांगला लागू पडतो. कथासंग्रहाला नाही. तिथे पहिली कथा आणि मधली एखादी वाचून ठरवावं, कारण संग्रहाच्या तोंडाशी मुद्दाम चांगली कथा ठेवलेली असू शकते.

मिळून वाचणाऱ्यांनी एक चूक टाळावी, पानांनी वाटणी करण्याची. आवृत्त्या वेगळ्या असल्या की पानांचे आकडे जुळत नाहीत, आणि ई-बुकात अक्षर मोठं केलं की पानं बदलतात. प्रकरणांनी वाटावं. दुसऱ्या आठवड्यानंतर एक आठवडा रिकामा ठेवावा. मागे पडलेले तिथेच गाठतात, नाहीतर ते गप्प होतात आणि गळतात.

(दृश्य : समासात पेन्सिलीची उभी रेघ. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पृष्ठांक.)

वाचताना सापडलेलं टिपण्यासाठी मऊ पेन्सिल पुरते. ओळीखाली रेघ ओढत बसू नये, समासात उभी रेघ ओढावी आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पृष्ठांक नि दोन शब्द लिहावेत. डार्विन हेच करायचे : विकत घेतलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी कामाच्या मुद्द्यांची सूची. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर सूची सुट्या कागदावर. चिकट चिठ्ठ्या जुन्या पुस्तकात ठेवून देऊ नयेत. गोंदाचा अंश कागदावर राहतो आणि ठिसूळ पान काढताना फाटतं.

सगळ्या पुस्तकांतली टिपणं एका वहीत आणायची, तर इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांची पद्धत अजूनही सरस आहे. ती १६८६ मध्ये फ्रेंचमध्ये आणि १७०६ मध्ये इंग्रजीत छापली गेली. टिपणाला एक शीर्षकशब्द द्यायचा, त्याचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर घेऊन सूचीत घर ठरवायचं. आपल्याला तर बाराखडी आयतीच आहे. प, पा, पि-पी, पु-पू, पे-पै, पो-पौ अशी प्रत्येक अक्षराला सहा घरं. तीसेक अक्षरं धरली तर १८० घरं, ती वहीच्या पहिल्या दोन-तीन पानांत मावतात. ‘पाऊस’ हा शब्द ‘पा’ च्या घरात. पहिलं टिपण येईल तेव्हा पुढची कोरी जोडपानं त्या घराला द्यायची आणि पृष्ठांक घरात लिहायचा. ती भरली, की पुढच्या कोऱ्या जोडपानांवर जायचं आणि तोही आकडा त्याच घरात टाकायचा. आधीपासून पानं वाटून ठेवायची नाहीत. निम्मी कोरी राहतात, आणि हवी ती पुरत नाहीत.

ही वही बिघडते ती ढोबळ शीर्षकांमुळे. ‘जीवन’ लिहिलं की सगळंच त्यात जातं. ‘म्हातारपण’, ‘परतीचा प्रवास’, ‘कादंबरीचं पहिलं वाक्य’ अशी अरुंद नावं द्यावीत.

दर तीन महिन्यांनी पहिली यादी चाळायची. ज्या पुस्तकाचं कारण आता ओढत नाही, त्यावर एक आडवी रेघ. खोडून काढायचं नाही, नाव वाचता आलं पाहिजे, नाहीतर तेच पुस्तक पुन्हा यादीत येतं. जे वाचून झालं, ते तारखेसह दुसऱ्या यादीत. मग सांगणाऱ्याचं नाव बघायचं आणि त्याला कळवायचं : कुठलं प्रकरण आवडलं, कुठे अडखळायला झालं. त्याच्या उत्तरात बहुधा आणखी एखादं नाव येईल. वही जवळ असू द्यावी.