बंडल कोणी उघडलं?

(फोंड्यात लघुउद्योजक आणि आयटीआयचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आयटीआयची मुलं, आणि कुंडई-मडकईहून शटर लवकर ओढून आलेले मित्रहो,

मला अर्धा तास दिलाय. त्यातला काही भाग अध्यक्षांनी माझा परिचय करून देण्यात खर्च केला, आणि तो परिचय माझा होता हे शेवटी नाव आल्यावर मला कळलं. विषय आहे मशिनिंगआधी प्रिसिजन स्टील ट्यूब कशा ठेवाव्यात, कशा बांधाव्यात. आपण सगळे कारखान्यात ट्यूबला पाइपच म्हणतो, मीही तसंच म्हणणार आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण शेवटी माझ्याकडे वेळ उरत नाही हे इथल्या अनेकांना ठाऊक आहे. गोव्यात पाइप पावसानं गंजतो असं आपण धरून चाललोय. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पडतो, तेव्हा दोष द्यायला तो सोयीचाही आहे. पण मी जे पाइप भंगारात जाताना पाहिले, ते बहुतेक पक्क्या छपराखाली होते, जमिनीपासून वर होते, आणि बनवणाऱ्याच्या पॅकिंगमध्ये होते. फक्त ते पॅकिंग कोणीतरी एकदा उघडलं होतं, आणि परत कोणीच बंद केलं नव्हतं.

डिचोली तालुक्यातला एक कारखाना घ्या. नाव विचारू नका, मालकांशी माझी ओळख आहे आणि ती टिकवायची आहे. खाणीवरच्या टिपरचे, एक्स्कॅव्हेटरचे हायड्रॉलिक सिलिंडर बनवणं, दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. त्यांनी ८० मिलिमीटर बोअरचे, म्हणजे आतल्या व्यासाचे, होन केलेले, म्हणजे आतून घासून गुळगुळीत केलेले पाइप मागवले, एच-८ या मापाच्या मर्यादेत. मुलांसाठी सांगतो, म्हणजे बोअर ८० च्या खाली अजिबात जायचा नाही आणि वर गेला तर ४६ मायक्रॉनपर्यंत. डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो, यावरून काय ते समजा. आतल्या पृष्ठभागाचा खरखरीतपणा, त्याला आरए म्हणतात, ०.४ मायक्रॉनच्या आत. टॉर्च मारला की डोळे दिपतात.

माल घाटावरून चोर्ल्यामार्गे आला. पॅकिंगला नाव ठेवायला जागा नव्हती. आतबाहेर तेल, दोन्ही तोंडांना प्लास्टिकची टोपणं, व्हीसीआय कागद, म्हणजे गंज रोखणारी वाफ सोडणारा कागद, वर प्लास्टिक, त्यावर पट्ट्या. स्टोअरकीपरनं पहिल्याच दिवशी कात्री लावली. कशाला? तर नग मोजायला! मग क्वालिटीचा मुलगा आला. त्यानं टोपणं काढली, बोअर गेज घातला, माप लिहून घेतलं. टोपणं खिशात गेली ती गेलीच. मग ३१ मार्चच्या स्टॉकसाठी अकाउंट्सवाले आले. मग बँकेचे साहेब, कारण माल बँकेकडे तारण होता. मग एक गिऱ्हाईक. आणि यांतल्या प्रत्येकानं काय केलं असेल? बोअरमध्ये बोट घातलं.

हसू नका. इथं बसलेल्यांपैकी ज्यानं कधीच घातलं नाही त्यानं हात वर करावा. बघा, एकही नाही! चकचकीत बोअर दिसला की माणसाचं बोट आत जातंच, त्याला शिक्षणाची अट नाही. बँकेच्या साहेबांनी तर बोट फिरवून गंभीरपणे मान डोलावली, जसा काही त्यांना आरए समजला.

जुलैअखेर मशिनिंगला पाइप काढले तर आत तांबडे डाग. लगेच पुरवठादाराला कडक पत्र, सोबत डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी, फोटो, दोन स्मरणपत्रं. ऑगस्टमध्ये त्यांचा माणूस भर पावसात आला. आमच्या मालकांनी त्याला अर्धा तास सुनावलं. तो काहीच बोलला नाही. उठला, एका पाइपात टॉर्च मारला. तोंडापासून साधारण बोटाच्या लांबीएवढे डाग, आणि त्याच्यापुढे सहा मीटर लखलखीत बोअर. त्यानं आपलं बोट न टेकवता नुसतं डागासमोर धरलं. माप जुळलं. मग म्हणाला, "साहेब, आमच्या कारखान्यात एवढी बोटं नाहीत."

डेबिट नोट परत घ्यावी लागली. पत्र लिहिणारे गृहस्थ आज इथं आलेत असं मला वाटतंय, पण मी त्या बाजूला बघत नाही.

आता यामागचं शास्त्र बघू. व्हर्नन नावाच्या इंग्रज संशोधकानं १९२०-३० च्या दशकांत लोखंड गंजण्यावर पुष्कळ प्रयोग केले. त्यानं दाखवलं की हवा स्वच्छ असेल तर नुसत्या दमटपणानं लोखंड फारसं गंजत नाही. हवेत आणि पृष्ठभागावर घाण असेल, आणि आर्द्रता साधारण साठ टक्क्यांवर गेली, की गंज एकदम धावत सुटतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता साठच्या खाली कधी येते? येतच नाही. म्हणजे आपल्या हातात राहिली फक्त घाण. आणि घाणीत सगळ्यांत वाईट मीठ. नेहमीचं मीठ हवेतून पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं ते पंचाहत्तर टक्के आर्द्रतेला. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते तेहेतीस टक्क्यांनाच पाणी ओढतं. म्हणजे वेर्ण्याच्या पठारावरच्या शेडमध्ये पाइपवर खारी हवा बसली असेल, तर तो पाइप वर्षभर ओलाच आहे. हाताला कोरडा लागतो, एवढंच. घामाच्या बोटाचंही तेच, त्यातही क्लोराइड.

यावर एक आठवलं. एका ठिकाणी मी पाइपवर गोणपाट टाकलेलं पाहिलं. विचारलं तर अभिमानानं म्हणाले, "पात्रांव, फुकटात मिळालं, आगरवाड्याच्या मिठाची पोती आहेत ही." म्हणजे मिठागरातलं मीठ, त्याच्या पोत्यात पोलाद, आणि वर ताडपत्री, ओल बाहेर जाऊ नये म्हणून! मी काही बोललो नाही. पाहुण्यानं किती बोलावं यालाही मर्यादा असते.

साठवण आपल्याला येत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. मे महिन्यात आपण घरोघरी पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो. सुकी मासळी, मिरची, आमसोलं. आणि जुलैत मिरचीला बुरशी आली तर घरातलं कोणी मडगावच्या फेस्तातल्या विक्रेत्याला डेबिट नोट पाठवत नाही. घरात पहिला प्रश्न असतो, झाकण कोणी उघडं टाकलं? कारखान्यात हा प्रश्न विचारायची सोय नाही, कारण उघडणं हे चौघांचं काम आहे आणि बंद करणं कोणाच्याच कामात लिहिलेलं नाही. स्टोअर म्हणतं क्वालिटीनं उघडलं, क्वालिटी म्हणते आमचं काम मापापुरतं. म्हणून माझा आग्रह आहे की बंडलाला एक कार्ड बांधा. उघडलं कोणी, का, आणि त्याच माणसानं बंद केल्याची सही. सही नसेल तर पुढच्यानं बंडलाला हात लावायचा नाही. मी हे जिथं जिथं सांगितलं तिथं सगळ्यांनी उत्तम कल्पना म्हणून चहा पाजला आणि कार्ड छापलं नाही.

आणि मोजायला उघडायची गरजच काय? गोल पाइपचं षटकोनी बंडल बांधतात. एका बाजूला दोन पाइप असतील तर बंडलात सात, तीन असतील तर एकोणीस, चार असतील तर सदतीस, पाच असतील तर एकसष्ट. प्लास्टिकवरूनच एक बाजू चाचपा, झालं. शंका असेल तर वजन करा. बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, जाडीनं गुणा, ०.०२४६६ नं गुणा, मीटरला किलो मिळतात. ८० बोअर, ९५ बाहेरून, जाडी साडेसात, तर मीटरला सोळा किलोच्या वर थोडं. सहा मीटरचा पाइप सत्त्याण्णव किलोचा. सातांच्या बंडलात एक कमी असेल तर काटा लगेच बोलतो. मोठ्या बंडलात जाडी थोडी इकडेतिकडे असली तरी एका पाइपाएवढा फरक पडू शकतो, तिथं काट्यावर विसंबू नका, आकार बघा.

ही काय, चिठ्ठी आली का? पाच मिनिटं. अध्यक्ष महाराज, विषयाला तर आत्ता हात घातलाय. असो, पळत जातो.

पाइपला घाम फुटतो तो डिसेंबर-जानेवारीत, तिकडे कोणाचं लक्ष नसतं. ट्रक रात्री बेळगावकडच्या थंडीतून येतो, पहाटे घाट उतरतो. पोलाद अजून गार असतं. दहा वाजता आपली हवा तीस अंश, आर्द्रता सत्तर टक्के असेल, तर चोवीस अंशांच्या खालच्या कुठल्याही वस्तूवर दव पडतं. तेव्हाच आपण पॅकिंग फाडतो. बंडल बंदच्या बंद एक दिवस शेडमध्ये ठेवा, मग हात लावा.

व्हीसीआय कागदाची वाफ पाइपवर बसते आणि तोच त्याचा गुण. त्यामुळे तो बंद जागेतच काम करतो, फाटक्या प्लास्टिकात त्याची रद्दी होते. लेप दिलेली बाजू आत. तो अमरही नाही, वर्ष-दोन वर्षांत बदलायचा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये पुन्हा, तेव्हा तीन महिन्यांसाठी घेतलेले पाइप काही शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिले आणि जुन्या कागदाच्या भरवशावर राहिले. अशा मालाला दर पावसाळ्याआधी तेल पुसून नवं तेल, नवा कागद, नवी टोपणं.

पाइपखाली टेकूला घालायचं लाकूड वाळलेलं हवं. आंब्याच्या ओल्या फळ्या नकोत. ओल्या लाकडातून आम्लाची वाफ निघते, आणि फळी जिथं टेकते तिथं बरोबर पट्टा उमटतो. सहा मीटरच्या पाइपला दोनच टेकू द्यायचे असतील तर टोकांना देऊ नका, प्रत्येक टोकापासून सव्वा मीटर आत द्या. थरावर थर रचला तर टेकू जास्त, आणि वरचा टेकू खालच्याच्या बरोबर डोक्यावर. उचलताना साखळी नको, पट्ट्याचा स्लिंग, दोन जागी. फोर्कलिफ्टनं मधोमध उचलून दोन्ही टोकं झुलवत नेणं बंद करा.

टर्निंगनंतर पाइप वाकला की सगळे स्टोअरकडे बोट दाखवतात. कोल्ड ड्रॉ केलेला, म्हणजे न तापवता साच्यातून ओढलेला, आणि ताण न काढलेला पाइप रॅकवर सरळच असतो. वरचा थर कापला की आतला ताण सुटतो आणि तो वळतो. आधी मागणीपत्र काढा, स्ट्रेस रिलीव्ह्ड, म्हणजे ताण काढलेला, असं लिहिलं होतं का ते बघा.

बँडसॉवर तुकडे केल्यावर कूलंट पुसा, पाणी हटवणारं तेल लावा, आणि मगच ठेवा. शनिवारी कापून सोमवारी लेथवर घेणाऱ्यांनी हे दोनदा ऐकावं. पोलाद कुठल्या ओतणीचं ते सांगणारा हीट नंबर पाइपवर असतो, तो नसलेल्या टोकाकडून कापा, म्हणजे उरलेल्या तुकड्याची ओळख राहते.

शेवटचं, एमरी पेपर. डाग दिसला की आपला माणूस काठीला एमरी गुंडाळून आत फिरवतो. डाग जातो, खड्डा राहतो, आणि तो खड्डा प्रत्येक फेरीला सील कुरतडतो. महिन्याभरानं तेल गळत टिपर दारात उभा. डाग नुसता वरवरचा आहे की खड्डा पडलाय हे आधी बघा. जाडी पुरेशी असेल तर पुढच्या मापाला होन करा आणि पिस्टन-सील त्या मापाचे घ्या. नसेल तर तो पाइप बुशसाठी कापा.