मधला बॉल

मंडळी, नमस्कार. बाहेर फळ्यावर माझ्या नावाखाली ‘व्हॉलीबॉल आणि व्यक्तिमत्त्व विकास’ असं लिहिलंय. तो विषय माझा नाही. इथे नेरुळला तीस वर्षं मुलींना खेळवतेय, पण कुणाचं व्यक्तिमत्त्व माझ्या डोळ्यांदेखत विकसित झालं, असं काही सांगता येणार नाही. लाल झालेले हात पाहिलेत, फुटलेले गुडघे पाहिलेत, आणि एक बॉल पाहिलाय, दोघींच्या मधे पडणारा. मी त्याच्याबद्दल बोलणार आहे. आयोजकांनी सांभाळून घ्यावं.

आधी जागेचा हिशेब करू. कोर्ट 18 मीटर लांब आणि 9 मीटर रुंद. मधे नेट. म्हणजे एका बाजूला 9 बाय 9, एकूण 81 चौरस मीटर, आणि त्यात सहा जणी. प्रत्येकीच्या वाट्याला साडेतेरा चौरस मीटर, आपल्याकडच्या वन आरकेतल्या खोलीएवढी जागा. एवढ्याशा खोलीत उभ्या असलेल्या मुलीच्या अंगावर बॉल आला तर ती घेतेच. दुसऱ्या खोलीतला ती बघत बसते. भानगड होते ती दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवर. समोरची चांगली सर्व्हिस टाकणारी मुलगी नेमकी तिथेच बघत असते.

1984 साली मी ठाण्यात शाळेच्या टीममधून खेळत होते. तेव्हा गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या टीमला मिळायचे आणि सेट 15 चा असायचा. शेवटचा सेट, त्या 14, आम्ही 13, सर्व्हिस त्यांची. बॉल माझ्या आणि माझ्या मैत्रिणीच्या मधे आला. काही जोरात नव्हता हो, लोण्यासारखा आला. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. टप्प! फक्कीच्या रेघेपासून चांगला दोन मीटर आत पडला. मातीवर उमटलेला तो गोल मला आजही दिसतो. घरी जाताना कोपरीच्या पुलापर्यंत आम्ही दोघी रस्त्याच्या दोन बाजूंनी चाललो. आठ दिवस अबोला. आमचे सर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, ‘अगं, आधी ठरवायचं ना!’

पुढे मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा कळलं की शिकवण्यातलं निम्मं काम हेच आहे, आधी ठरवायचं. रेफरीची शिटी झाली की सर्व्हिस करायला 8 सेकंद असतात. लोकांना वाटतं ती सर्व्हिस करणारीची आठ सेकंदं. ती आपलीसुद्धा असतात. आम्ही रिसीव्हला, म्हणजे समोरची सर्व्हिस घ्यायला, पाच जणींचा डब्ल्यू लावतो, तीन पुढे आणि दोन मागे. शिटीच्या आधीच मान वळवून शेजारणीला सांगायचं, मधला माझा. पुढे-मागे उभ्या असलेल्यांचा नियम सोपा आहे: छातीच्या वर येतोय, तर पुढचीने हात लावायचा नाही, तो मागचीचा. शेजारी शेजारी असतील तर एक पुढून कापते आणि दुसरी तिच्या मागून जाते, म्हणजे डोकी आपटत नाहीत. कोण पुढून जाणार, तेही आधीच ठरलेलं.

आणि ओरडायचं. ‘माझा!’ हे बॉल नेटवरून येण्याच्या आत ऐकू आलं पाहिजे. हाताला लागल्यावर ‘माझा’ म्हटलं तर ती नुसती बातमी झाली. इथे आपल्या घरांतल्या मुलींची पंचाईत होते. लहानपणापासून ‘हळू बोल’ ऐकलेल्या. नव्या बॅचला मी पहिला आठवडा नुसतं ओरडायला लावते. समोरच्या बिल्डिंगमधून एक काका एकदा खाली आले. म्हणाले, ‘मॅडम, रोज संध्याकाळी मुली माझा-माझा करतात, नक्की कशावरून वाद चाललाय?’

ओरडून बॉल घेतला, आता हातांचं. हा खेळ विचित्र आहे, बॉल आपल्याला धरताच येत नाही. क्रिकेटमधे झेलतात, बास्केटबॉलमधे धरून टप्पे मारतात, इथे धरला की फाउल. म्हणून हातांचा पाट करायचा. दोन्ही अंगठे शेजारी समांतर, मनगटं खाली दाबलेली, कोपरं सरळ. मनगटाच्या वर चार बोटं जो मांसल भाग आहे, तिथे बॉल बसू द्यायचा. हात हलवायचे नाहीत, गुडघ्यांतून उठायचं. नव्या मुलीला बॉल मारावासा वाटतो, आणि तो मग पाम बीच रोडच्या दिशेने जातो. मारायचं नसतं गं, पाट द्यायचा असतो. 260 ते 280 ग्रॅमचा बॉल, पण पहिले पंधरा दिवस कोपरापर्यंत लाल ठिपके उठतात. एकीची आई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली होती, अ‍ॅलर्जीची.

सगळ्यांना स्मॅश शिकायचा असतो. बघायला येणारेही स्मॅशलाच टाळ्या वाजवतात. मला त्यात फारसं कौतुक वाटत नाही. पहिला टच लिफ्टरच्या, म्हणजे मारणारीला बॉल उचलून देणारीच्या, डोक्यावर गेला, तर मारायला कुणीही उभी राहील. आता सगळे सेटर म्हणतात, माझ्या तोंडात लिफ्टरच बसलंय.

एक गंमत सांगते. हा खेळ तरुणांसाठी काढलेलाच नाही. 1895 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी विल्यम मॉर्गन नावाचे वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेचे क्रीडाशिक्षक होते. चारच वर्षांपूर्वी बास्केटबॉल निघाला होता, पण पन्नाशीकडे झुकलेल्या व्यापारी मंडळींना त्या धावपळीने धाप लागायची. त्यांच्यासाठी मॉर्गननी साडेसहा फुटांवर नेट बांधलं आणि खेळाला नाव दिलं मिंटोनेट. व्हॉलीबॉल हे नाव पुढच्या वर्षी पडलं. त्या हिशेबाने खऱ्या व्हॉलीबॉलपटू म्हणजे आमच्या सकाळच्या बॅचच्या काकू. साडेसहाला पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट घालून येतात. नेट बायकांच्या 2.24 मीटरपेक्षा बरंच खाली बांधतो. मधल्या बॉलचा त्यांचा त्रास मुलींच्या बरोबर उलटा आहे. मुली दोघीही थांबतात, काकू दोघीही जातात. तीस वर्षं संसार केलेल्या बायका, दुसरी कुणी करेल यावर विश्वासच नाही! मागच्या महिन्यात दोघींची कपाळं अशी आपटली की रिक्षा बोलवावी लागली. दुसऱ्या दिवशी दोघी टेंगळं घेऊन हजर.

जपानच्या मुलींचं तर सांगायलाच हवं. 1964 ला टोकियोत व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमधे आला आणि जपानच्या मुलींनी सोव्हिएत टीमला हरवून सुवर्णपदक घेतलं. बहुतेक जणी एकाच कापड कंपनीत कामाला होत्या. दिवसभर नोकरी आणि मग रात्री उशिरापर्यंत सराव. त्यांचे कोच दायमात्सु यांनी लांबचा बॉल उचलून, लोळण घेऊन, त्याच झपाट्यात पुन्हा उभं राहायला शिकवलं. त्यांच्या सरावाची कठोरता मला पटत नाही, आजच्या मुलींवर मी ती लादणारही नाही. पण कामावरून येऊन खेळणं मला ओळखीचं आहे. माझे वडील ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात होते. कँटीनच्या मागे दोन लोखंडी पाइप रोवून नेट बांधलेलं असायचं. पहिली पाळी सुटली की डबा तसाच सायकलला लटकवून ही माणसं अंधार पडेपर्यंत खेळायची.

पालक मला नेहमी विचारतात, व्हॉलीबॉलने उंची वाढते का? नाही वाढत. उंच मुली या खेळात टिकतात, म्हणून तसं दिसतं. तरी बुटक्यांसाठी 1998 पासून एक जागा झाली, लिबेरोची. वेगळ्या रंगाचा शर्ट, मागेच खेळायचं, नेटवर हात उंचावून समोरचा बॉल अडवायला, म्हणजे ब्लॉकला, जायचं नाही, नेटच्या वरून मारायचं नाही, फक्त बॉल उचलायचा. माझी आत्ताची लिबेरो चार फूट अकरा इंच आहे आणि कोर्टवर सगळ्यात मोठा आवाज तिचा. 2023 च्या हांगझोऊ एशियाडला आपल्या पुरुषांनी दक्षिण कोरियाला पाच सेटमधे हरवलं, शेवटचा सेट 17-15. तो सामना मुलींना मोबाइलवर दाखवताना मी सांगत होते, मारणाऱ्याकडे बघू नका, त्याच्या आधीच्या दोघांकडे बघा. ऐकतंय कोण!

आपल्या हवेबद्दल थोडं. एप्रिल-मेमधे संध्याकाळी वारा सुटला की सरळ बॉलही डुलत येतो. टॉस जिंकला तर वारा तोंडावर घ्यायचा. पाठीवर असला की सर्व्हिस बाहेर जाते, तोंडावर असला की जोरात मारलेलीही आत पडते. नवी मुलगी हटकून उलटं मागते.

आणि पाऊस. जूनला ग्राउंडचा चिखल होतो. मग आम्ही एका सोसायटीच्या स्टिल्टमधे, गाड्यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात खेळतो. छत जेमतेम नऊ फूट, तिथे स्मॅश मारणार कसा? चार महिने नुसतं भिंतीवर आणि एकमेकींना अंडरहँड. एक ट्यूबलाइट आणि एका स्कूटरचा आरसा मी भरून दिलाय. पण खरं सांगते, माझ्या चांगल्या रिसीव्हर सगळ्या त्या पार्किंगमधे तयार झाल्या. खांबाआड कोण उभी आहे ते दिसत नाही, त्यामुळे ओरडल्याशिवाय चालतच नाही.

आता वेळ झाली, चिठ्ठी आलीये. उद्या संध्याकाळी पावसाआधी नेट उतरवायचंय. वरची वायर गंजून पोलला घट्ट बसलीये, मुलींना सुटत नाही. पान्हा आणि थोडं खोबरेल घेऊन दोन माणसं आली तर बरं होईल. साडेपाचला. कोण येतंय ते आत्ताच हात वर करून सांगा, नाहीतर सगळे एकमेकांकडे बघत बसाल.