मामांचा कीबोर्ड आणि लिनक्सचा पासवर्ड

नमस्कार मंडळी. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि आमच्या सांगलीच्या मामांनी ठरवलं की चांगला चालणारा लॅपटॉप भंगारात द्यायचा नाही, त्यावर लिनक्स टाकायचं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम. मी जाऊन टाकून दिलं, जेवलो, परत आलो.

तिसऱ्या दिवशी फोन. "अरे, कीबोर्ड गेला." म्हटलं काय झालं, तर म्हणे टर्मिनल, म्हणजे कमांड (हुकूम) टाइप करायची खिडकी, उघडलं, कुठंतरी लिहिलं होतं तशी सुडो एपीटी अपडेट (sudo apt update) ही अपडेट तपासायची कमांड टाकली, पासवर्ड मागितला आणि आता एक अक्षर उमटत नाही. मी मीटिंगमध्ये, म्हटलं संध्याकाळी बघतो. मामा कसले थांबतायत! आधी दाढीच्या ब्रशनं बटणं साफ केली, मग लॅपटॉप उलटा करून झटकला, त्यातनं चिवड्यातला एक शेंगदाणा पडला, मग स्कूटर काढून साडेचारशेचा नवा कीबोर्ड आणला, जोडला, तरी तेच. शेवटी मामी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "दिसत नसेल तर नसेल, एंटर दाबून तर बघा." दाबला, आणि धडाधड ओळी पळायला लागल्या.

तर मंडळी, टर्मिनलमध्ये पासवर्ड दिसत नाही. टिंबं नाहीत, चांदण्या नाहीत, काही नाही, शेजारच्याला तो किती अक्षरी आहे तेसुद्धा कळू नये म्हणून. काही नव्या सिस्टीममध्ये आता चांदण्या दिसतात, पण बहुतेक ठिकाणी नाहीच. पुन्हा सांगतो, दिसत नाही पण टाइप होतो.

हे शिकायचं कुठं? आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा. साधारण दहा-दहा मिनिटांचे, फुकट, आणि मराठी आवाजातसुद्धा. थोडं बघायचं, थांबवायचं, आपल्या मशीनवर करायचं. नुसतं बघू नका हं, थांबवून करा. नाहीतर ते चाळीस मिनिटांचे व्हिडिओ, ज्यात पहिली सात मिनिटं लाइक करा सबस्क्राइब करा, आणि मागं ते कर्कश म्युझिक, अहो लग्नाच्या बँडलासुद्धा मधे दम खायला लागतो! असो.

दुसरं म्हणजे टर्मिनलमधली मॅन (man) ही कमांड. मॅन लिहून पुढं कमांडचं नाव टाकलं की तिची सगळी माहिती तिथंच, नेट नसलं तरी. बाहेर यायला क्यू दाबायचा. क्यू, एवढं लक्षात ठेवा, माझी एक अख्खी दुपार त्यात अडकली होती.

आणि घाबरत असाल तर आठ जीबीच्या पेनड्राइव्हवरनं लिनक्स नुसतं चालवून बघता येतं, हार्डडिस्कला हात न लावता. इन्स्टॉल करायच्या आधी मात्र फोटो दुसरीकडं काढून ठेवा. नक्की ठेवा.

त्या नव्या कीबोर्डचं काय झालं विचाराल, तर मामांनी त्यावर इनस्क्रिप्टची, म्हणजे मराठी टाइप करायच्या कीबोर्ड मांडणीची, अक्षरं कागदावर लिहून चिकटपट्टीनं लावलीत, 'के'वर क, 'एच'वर प, आणि मामी त्यावर भिशीचा हिशोब मराठीत टाइप करतात. मामांना हात लावू देत नाहीत.