कोको कोणाच्या गोदामात

(दृश्य : घाना, अशांती प्रदेश. कोकोची बाग, सकाळ.)

कोकोची फळं खोडाला आणि जाड फांद्यांनाच लगडतात. म्हणून कोयता जपून चालवावा लागतो. देठापाशी साल दुखावली, तर पुढच्या हंगामात त्या जागी फूल धरत नाही. उंचावरच्या फळांसाठी लांब काठीला पातं बांधलेलं आहे.

फळ फोडलं की आत तीस-चाळीस बिया, पांढऱ्या गराने लडबडलेल्या. या ओल्या बीला चॉकलेटची चव नसते. ती येऊ लागते इथे, केळीच्या पानांखाली. साधारण सहा दिवस हा ढीग झाकलेला राहतो. गर आंबतो, पाणी होऊन निथळतो, आतली उष्णता ४५ अंशांच्या पुढे जाते आणि बी मरतं. ते मेलं की त्याचा रंग पालटतो, कडवटपणा उतरतो. दर दोन दिवसांनी ढीग उकरून वरचा थर खाली घालायचा. ही वाफ बघा.

(दृश्य : बांबूच्या चटया, वाळवण.)

मग वाळवण. आठवडाभर, ढग असले तर त्याहून जास्त. दिवसभर हात फिरवत राहायचं, चपट्या आणि एकमेकींना चिकटलेल्या बिया वेचून टाकायच्या, पाऊस आला की चटईसकट गुंडाळायचं. यात कुठे कसूर झाली, तर युरोपातला कितीही महागडा कारखाना ती चव परत आणू शकत नाही. चॉकलेटच्या वेष्टनावर बहुतेक वेळा कारखान्याच्या देशाचं नाव मोठं असतं. हे हातही त्यावर असायला हवेत, असं आम्हाला वाटतं.

(दृश्य : गावातलं खरेदी केंद्र, तराजू.)

तागाचं पोतं, ६४ किलो. भाव देशभर एकच, हंगामाच्या तोंडावर सरकारने जाहीर केलेला. पण सरकार तो ठरवतं लंडन आणि न्यूयॉर्कच्या वायदे बाजाराकडे, म्हणजे पुढे येणाऱ्या मालाचे सौदे आधीच होतात त्या बाजाराकडे, बघून. घाना आणि शेजारचा आयव्हरी कोस्ट मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात. एवढा माल ज्याच्या हाती, त्याने भाव सांगावा. तसं का होत नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, गोल्ड कोस्ट.)

कोको मूळचा दक्षिण अमेरिकेचा. टेटे क्वार्शी या लोहारकाम करणाऱ्या माणसाने १८७९ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या फर्नांदो पो बेटावरून बिया आणून माम्पोंग गावी लावल्या, असं घानात अभिमानाने सांगतात. १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, कोको पिकवण्यात जगात पहिला होता. हे मळे गोऱ्या मालकांचे नव्हते. इथल्याच शेतकऱ्यांनी जंगल साफ करून ते उभे केले.

१९३७ मध्ये युरोपीय व्यापारी कंपन्यांनी आपसांत करार केला, चढाओढ करून भाव वाढवायचा नाही. शेतकऱ्यांनी माल विकणंच बंद केलं, आणि त्या कंपन्यांच्या दुकानांतला मालही घेईनात. काही महिने त्यांनी नेट धरला. १९३८ च्या एप्रिलमध्ये चौकशी आयोगाच्या मध्यस्थीने तात्पुरता समझोता झाला. आयोगाने कंपन्यांच्या करारावर टीका केली. १९४७ मध्ये सरकारी कोको मंडळ आलं. त्याने शेतकऱ्याला जागतिक भावापेक्षा कमी दिलं, आणि मागे उरलेली मोठी शिल्लक लंडनमध्ये ब्रिटिश रोख्यांत गुंतवली गेली. पीक इथलं आणि गंगाजळी तिथे.

आयव्हरी कोस्टचे अध्यक्ष उफुए-ब्वान्यी यांनी १९८८ मध्ये शेतकऱ्यांसारखंच माल रोखून पाहिलं, संपूर्ण देशाच्या ताकदीने. भाव पडलेला असताना त्यांनी निर्यात रोखली. पण खरेदीदारांच्या गोदामांत साठा होता, आणि इतर देशांचा कोकोही बाजारात येतच होता. देशाला माघार घ्यावी लागली. १९८९ मध्ये तिथल्या शेतकऱ्याचा हमीभाव निम्म्यावर आणला गेला.

(दृश्य : अ‍ॅम्स्टरडॅम बंदर. गोदामाच्या आत पोत्यांच्या थप्प्या.)

अ‍ॅम्स्टरडॅम हे कोकोचं जगातलं सगळ्यात मोठं बंदर. थंड हवेत हे बी इथे वर्षानुवर्षं टिकतं. घानाच्या दमट हवेत त्याला बुरशी धरते, कीड लागते. त्यात शेतकऱ्याला या महिन्याचे पैसे याच महिन्यात हवे असतात. म्हणून इथला माणूस थांबू शकतो, तिथला नाही, आणि भाव थांबू शकणाऱ्याच्या बाजूने झुकतो.

२०१९ मध्ये दोन्ही देशांनी एकत्र येऊन दर टनामागे ४०० डॉलर जादा मागितले. कंपन्यांनी मान्य केलं. मग उत्तम दर्जासाठी मिळणारी वरची रक्कम घसरत गेली, आणि या ४०० मधला बराच भाग तिथेच जिरला.

(दृश्य : घानाचं टेमा बंदर, कंटेनर.)

आता गोदामाइतकाच शेतकऱ्याला अडवतो तो पैसा. दरवर्षी घानाचं कोको मंडळ, कोकोबोड, परदेशी बँकांकडून कर्ज काढायचं. तारण म्हणून येणाऱ्या पिकाचे सौदे आधीच केलेले. २०२४ मध्ये रोगराई आणि लहरी पावसाने पीक पडलं, न्यूयॉर्कमध्ये टनाचा भाव १२,००० डॉलरच्या वर गेला. घानाचा बराच माल तेव्हा जुन्या, कमी भावाने विकून झालेला होता. ती तेजी शेतकऱ्याच्या अंगणापर्यंत जेमतेम पोचली.

(दृश्य : सोन्याच्या खाणीने उकरलेली बाग. शेतात काम करणारी मुलं.)

काही शेतकऱ्यांनी जमिनी सोन्याच्या बेकायदा खाणींना दिल्या. मुलं आजही शेतात राबतात.

(दृश्य : पोती भरलेला ट्रक.)

२०२४-२५ च्या हंगामासाठी कोकोबोडने परदेशी बँकांचं कर्ज घेतलं नाही. तीस वर्षांहून अधिक काळात असं पहिल्यांदाच झालं. शेतकऱ्यांना द्यायला पैसा मात्र लागणारच होता. तो आगाऊ मागितला गेला, कोको विकत घेणाऱ्या कंपन्यांकडेच.