खोलीचा हिशेब

सत्र ऐन भरात आहे. ब्रिटनमधील एका विद्यापीठात एक कर्मचारी आठवडाभर दर तासाला प्रत्येक वर्गखोलीच्या दारातून डोकावतो, आत बसलेली डोकी मोजतो आणि हातातल्या तक्त्यात आकडा लिहून पुढच्या दाराकडे जातो. समजा, शंभर आसनांची एक खोली आठवड्यातील ४० तासांपैकी २० तास उघडली गेली आणि त्या वेळात तिथे सरासरी ५० विद्यार्थी बसले. निम्मा वेळ आणि निम्मी आसने यांचा गुणाकार केला, की खोलीचा खरा वापर २५ टक्के निघतो. वेळापत्रकात मात्र हीच खोली जवळपास आठवडाभर राखून ठेवलेली असू शकते, आणि म्हणून जागा कमी पडते अशी तक्रार करणारा प्राध्यापक आणि जागा रिकामी पडते असे सांगणारा, विद्यापीठाच्या इमारती सांभाळणारा इस्टेट विभाग, हे दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात.

अशा मोजणीतून निघालेले आकडे विद्यापीठाच्या वार्षिक विवरणपत्रापर्यंत पोहोचतात. उच्च शिक्षणाची आकडेवारी जमवण्यासाठी १९९३ मध्ये स्थापन झालेली हायर एज्युकेशन स्टॅटिस्टिक्स एजन्सी, अर्थात हेसा, विद्यार्थी आणि अध्यापकांच्या नोंदींसोबत विद्यापीठांच्या स्थावर मालमत्तेचीही स्वतंत्र नोंद घेत आली. इमारतींचे क्षेत्रफळ, देखभालीचा खर्च, वीज, गॅस, पाणी, कचरा, इतकेच काय पण वाहने लावण्याच्या जागा, हे सारे १ ऑगस्ट ते ३१ जुलै या शैक्षणिक वर्षाच्या हिशेबाने त्यात भरायचे असे. २०२२ मध्ये ही संस्था, ब्रिटनमधील शिक्षणसंस्थांना डिजिटल सेवा पुरवणाऱ्या जिस्क या संस्थेत विलीन झाली.

नोंदीतील एक रकाना विशेष पाहण्यासारखा आहे. प्रत्येक इमारतीची अवस्था अ, ब, क, ड अशा प्रतींच्या धर्तीवर ठरवतात आणि विवरणपत्रात विद्यापीठाची किती जागा कोणत्या प्रतीची, याची बेरीज भरतात. पहिली प्रत नव्यासारख्या इमारतीची, दुसरी सुस्थितीतील, तिसरी चालू असूनही मोठ्या दुरुस्तीची गरज असलेली आणि शेवटची निकामी किंवा धोकादायक. इमारत ज्या कामासाठी वापरतात त्या कामाला ती सोयीची आहे का, याची प्रत निराळी द्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. भिंती ठणठणीत असलेल्या जुन्या प्रयोगशाळेत आजचे उपकरण मावत नाही, हे काही भिंतींवरून कळत नाही. पण अवस्थेची प्रतही सगळे सांगत नाही. छत कशाचे बनले आहे, हे एका अक्षरात कसे मावणार? सप्टेंबर २०२३ मध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने डेनिस लॅस्डन यांनी रचलेली, पायऱ्यापायऱ्यांच्या आकाराची सुप्रसिद्ध वसतिगृहे बंद केली, कारण त्यांत हवेचे बुडबुडे असलेले, अचानक कोसळू शकणारे हलके काँक्रीट आढळले. असे काँक्रीट कोणकोणत्या इमारतीत आहे, हा प्रश्न समोर येतो तेव्हा विद्यापीठाची एकूण बेरीज निरुपयोगी ठरते. तिथे इमारतवार, किंबहुना छतवार नोंद लागते. नव्या पद्धतीने नोंद घ्यायची तर पहिला बदल इथेच हवा, असे आम्हाला वाटते.

जुन्या इमारती तुलनेलाही अवघड करून ठेवतात. ग्लासगो विद्यापीठाची मुख्य इमारत आणि आपला मुंबईचा राजाबाई टॉवर, हे दोन्ही जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यांनुसार उभे राहिले. तशा उंच छताच्या दगडी वास्तूला ऊब देण्यासाठी दर चौरस मीटरमागे लागणारी ऊर्जा नुकत्याच बांधलेल्या ग्रंथालयाच्या आकड्याशेजारी ठेवून कोण उधळ्या आणि कोण काटकसरी हे ठरवणे म्हणजे वाड्याची आणि फ्लॅटची वीजबिले जुळवून पाहण्यासारखे आहे.

कार्बनच्या हिशेबाने या नोंदीला अधिक वजन आले. इंग्लंडमधील तत्कालीन अनुदान संस्थेने २००५ च्या तुलनेत २०२० पर्यंत उत्सर्जनात ४३ टक्के घट करण्याचे उद्दिष्ट या क्षेत्रापुढे ठेवले होते, आणि प्रगती पाहायची तर दरवर्षीचे आकडे हातात असणे भाग होते. २०१८ मध्ये त्या संस्थेची जागा ऑफिस फॉर स्टुडंट्स या नियामकाने घेतली आणि पुढे इंग्लंडमधील विद्यापीठांसाठी हे विवरणपत्र भरणे ऐच्छिक झाले. कागदपत्रांचा भार हलका झाला, हे खरे. पण ज्यांनी विवरणपत्र भरले नाही त्यांचा धूर बेरजेतून वगळला जातो, आणि मग आलेखाची रेषा खाली आली तर उत्सर्जन घटले की माहिती देणारे घटले, हे आलेख पाहून सांगता येत नाही. सवलत देताना हा तोटा पुरेसा तोलला गेला होता का, अशी शंका येते.

उत्सर्जनाचा हिशेब तीन गटांत होतो. स्वतःच्या बॉयलरमध्ये जळणारा गॅस पहिल्या गटात आणि विकत घेतलेली वीज दुसऱ्या गटात मोजली जाते. या दोहोंचे मीटर असतात. तिसऱ्या गटात खरेदी केलेल्या वस्तू, बांधकाम आणि प्रवास असे बाकीचे सारे येते. मँचेस्टरला शिकायला निघालेल्या पुण्याच्या विद्यार्थिनीचा विमानप्रवास विद्यापीठाच्या खाती धरायचा की तिच्या, आणि सुट्टीत ती घरी येऊन परत गेली तर तो धरायचा की नाही? प्रत्येक विद्यापीठाने आपल्या मनाने उत्तर दिले तर त्या आकड्यांची तुलना व्यर्थ ठरते. म्हणूनच २०२३ मध्ये या क्षेत्रातील संघटनांनी उत्सर्जन मोजण्याची एक समान चौकट प्रसिद्ध केली.

आता दारातून डोकावणाऱ्या माणसाच्या जागी काही ठिकाणी छतावरचे संवेदक, म्हणजे सेन्सर, आले आहेत. ते एका आठवड्याऐवजी वर्षभर मोजतात, त्यामुळे नोंद अधिक भरवशाची होते, पण मोजलेल्या माणसांची ओळख कुठे साठवली जात नाही ना, हे आधी ठरवावे लागते. शिवाय पद्धत बदलली की मालिका तुटते. संवेदकाने ३१ टक्के वापर दाखवला आणि गेल्या वर्षी हाताने मोजून २५ टक्के आला असेल, तर मधला सहा टक्क्यांचा फरक विद्यार्थ्यांमुळे पडला की यंत्रामुळे? याचे उत्तर हवे असेल तर निदान एक वर्ष तीच खोली दोन्ही रीतींनी मोजावी लागेल, आणि इस्टेट विभागाच्या अंदाजपत्रकात त्या दुहेरी मोजणीसाठी पैसे ठेवावे लागतील.